हजारातले अडीचशे

दक्षिण दिल्लीत आयएनए मार्केट आणि सरोजिनी नगर यांच्या मधोमध झाशीच्या राणीच्या नावाची एक सरकारी वसाहत आहे, लक्ष्मीबाई नगर. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची घरं, बदली झाली की बिऱ्हाडं हलतात, निवृत्ती आली की कायमची सुटतात. वसाहतीतल्या माणसाला ताप आला, गुडघा दुखला, महिन्याच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, की तो जातो ‘डिस्पेन्सरी’त. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दवाखान्यांना आता कागदोपत्री ‘वेलनेस सेंटर’ म्हणतात, लोकांच्या तोंडी मात्र अजून डिस्पेन्सरीच आहे. आणि याच वसाहतीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, रिंग रोड ओलांडला की, देशातल्या सर्वांत गजबजलेल्या रुग्णालयांपैकी दोन समोरासमोर उभी आहेत: १९५६च्या कायद्याने स्थापन झालेलं एम्स आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी उभारलेलं सफदरजंग. वैद्यकाचा एखादा परदेशी विद्यार्थी दिल्लीत काही आठवडे डॉक्टरांसोबत राहून बघायला, शिकायला आला, तर तो कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. तो एम्सला जाईल. अमेरिकेत वाढलेली, डॉक्टर व्हायचं ठरवून सुट्टीत भारतात आलेली मराठी मुलंसुद्धा मोठ्या नावाच्या रुग्णालयात कुणाची ओळख निघते का हेच आधी बघतात. ही निवड उलटी आहे, परक्या देशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने आधी लहान दवाखान्यात बसावं आणि तिथे फक्त बघावं, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत, काही तर बरेच वजनदार आहेत. पण आधी पुरावा.

१९६१ साली कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक साधा हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसं घ्या आणि एक महिना त्यांच्यावर नजर ठेवा. त्यांतल्या साधारण ७५० जणांना महिन्याभरात काही ना काही दुखतं-खुपतं. त्यांतले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात भरती होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तो फक्त एक. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, हाच हिशेब पुन्हा करून पाहण्यात आला. मधल्या काळात औषधं बदलली होती, यंत्रं बदलली होती, विम्याची पद्धत बदलली होती. आकडे मात्र जवळपास जागच्या जागी होते. हजारांत सुमारे ८०० जणांना तक्रारी, २१७ जण डॉक्टरच्या खोलीत, ८ रुग्णालयात आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात एकाहूनही कमी. आकडे अमेरिकेतले आहेत आणि दिल्लीत ते नेमके हेच निघतील असा दावा कुणी करू नये. आपल्याकडे सर्दीसाठीही थेट मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणारे आहेत आणि छातीत दुखत असताना घरी ओवा चघळत बसणारेही आहेत. पण उतरंड हीच आहे. वैद्यकीय शिक्षण जगभर जिथे दिलं जातं ती जागा या उतरंडीच्या अगदी टोकाला आहे. विद्यार्थी पाच-सहा वर्षं त्या एका माणसाकडे बघून शिकतो आणि पुढे आयुष्यभर त्या अडीचशेंना तपासतो.

यात बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. अवघड ते शिकलं की सोपं आपोआप येतं. हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे, कारण लहान दवाखान्यातलं काम सोपं नसतं, ते वेगळ्या जातीचं असतं. १९७८ साली हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांमधल्या साठ जणांना, त्यांत विद्यार्थी होते, निवासी डॉक्टर होते आणि वरिष्ठही होते, एक प्रश्न विचारला गेला. एखादा आजार हजारात एकाला असतो. त्याची तपासणी निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून ‘आजार आहे’ असं दाखवते. तपासणीत आजार दिसलेल्या माणसाला तो खरोखर असण्याची शक्यता किती? सर्वाधिक जणांचं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर दोन टक्क्यांच्या आसपास आहे: हजार माणसं तपासली तर आजारी एक आणि चुकून सापडलेले पन्नास, म्हणजे एक्कावन्नात एक. साठांपैकी हे उत्तर अकरा जणांना आलं. गणित पाचवीतल्या पोरालाही जमेल असं आहे. मग ते का सुचलं नाही? याचं माझ्या मते खरं कारण असं की मोठ्या रुग्णालयात या अपूर्णांकातला छेद, म्हणजे बाकीची निरोगी माणसं, कधी डोळ्यांसमोर येतच नाही. तिथे आलेला माणूस चार जागी गाळून आलेला असतो, त्याच्या आजारपणाबद्दल शंका नसते, प्रश्न फक्त नावाचा उरतो. ब्रिटनमधल्या सामान्य दवाखान्यांत डोकं दुखतंय म्हणून येणाऱ्यांपैकी मेंदूत गाठ निघते ती हजारात एकाला, किंबहुना किंचित कमीच. न्यूरोसर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाचून कळेल, पण पटणार नाही, कारण त्याने पाहिलेल्या डोकेदुख्यांमध्ये गाठी भरपूर होत्या.

लहान दवाखान्यात काय दिसतं ते जवळून बघू. दिल्लीत पावसाळा सरता सरता डेंग्यूचे दिवस येतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात वसाहतीतल्या दवाखान्यात तापाचे रुग्ण एकामागोमाग एक येत राहतात. पहिल्या दिवशी सगळ्यांची गोष्ट एकच असते: काल संध्याकाळपासून ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका. यांतल्या बहुतेकांना साधा विषाणूजन्य ताप आहे, काहींना डेंग्यू आहे आणि त्या काहींतल्या एखाद्याला पुढे जिवावर बेतणार आहे. पहिल्या दिवशी चेहऱ्यावरून ते कळत नाही. डेंग्यूचा चकवा असा की धोका ताप चढताना कमी असतो आणि उतरताना वाढतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप ओसरतो, घरचे हुश्श करतात आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायला लागू शकतो. म्हणून चांगला डॉक्टर पहिल्या दिवशी जे करतो ते बघणाऱ्याला अगदी किरकोळ वाटतं. पॅरासिटामॉल लिहून देतो, आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घेऊ नका असं बजावतो, पाणी-ताक पीत राहा म्हणतो, लघवी होतेय ना याकडे लक्ष द्यायला सांगतो, आणि पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस सुस्त पडला तर वाट न बघता सफदरजंग गाठायला सांगतो. शेवटी म्हणतो, ‘परवा पुन्हा या, ताप गेला तरी या.’ हे शेवटचं वाक्य म्हणजे त्या दवाखान्यातली सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे. काळ हेच इथलं निदानाचं साधन. मोठ्या रुग्णालयातल्या विद्यार्थ्याला तो चौथ्या दिवशीचा, सलाइन लावलेला रुग्ण दिसतो आणि डेंग्यू म्हणजे हे असं त्याच्या मनात पक्कं होतं. परवा पुन्हा आलेले आणि ठणठणीत बरे होऊन घरी गेलेले लोक त्याला कधी भेटत नाहीत. मग पुढे तोच डॉक्टर झाल्यावर प्रत्येक तापाला रक्ताच्या अर्धा डझन तपासण्या लिहितो आणि त्याला आपण सावधगिरी म्हणतो.

आता पहिला आक्षेप. नुसतं बघून कुणी डॉक्टर झालंय का? पोहणं काठावरून शिकता येत नाही, असं आपण म्हणतोच. या आक्षेपाला इतिहासाने दिलेलं उत्तर मला कुठल्याही शिक्षणशास्त्राच्या सिद्धान्तापेक्षा बोलकं वाटतं. नोव्हेंबर १८६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधल्या एका प्रात्यक्षिक व्याख्यानाला गेल्या. त्या कुणाला हात लावणार नव्हत्या, फक्त बसून बघणार होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. लंडनमध्ये १८७४ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा निघाली तेव्हा वर्ग होते, शिक्षक होते, विद्यार्थिनी होत्या, पण एकही रुग्णालय त्यांना वॉर्डात उभं राहू द्यायला तयार नव्हतं आणि त्याशिवाय पुस्तकी शिक्षणाला किंमत नव्हती. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने दार उघडलं तेव्हा कुठे ती शाळा खऱ्या अर्थाने सुरू झाली. बघणं जर इतकं फालतू असतं तर ते अडवण्यासाठी कुणी एवढा आटापिटा केला नसता. पुरुषांच्या धंद्याला नेमकं ठाऊक होतं की वैद्यकाची किल्ली पुस्तकांत नाही, रुग्णाच्या उशाशी उभं राहण्याच्या परवानगीत आहे.

मराठी वाचकाला या दोन्ही संस्था परक्या नाहीत. फिलाडेल्फियाच्या त्याच कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि लंडनच्या त्याच शाळेत रखमाबाईंनी शिक्षण घेतलं. त्यांच्या कहाण्या आपण धैर्याच्या म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे, पण त्यात एक तपशील बाजूला पडतो. मोठी रुग्णालयं दारं लावून बसल्यामुळे या कॉलेजांभोवती स्त्रियांनी चालवलेली लहान रुग्णालयं आणि गोरगरिबांचे मोफत दवाखाने उभे राहिले. फिलाडेल्फियात १८६१ मध्ये, बॉस्टनमध्ये १८६२ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी तर त्याआधीच सुरुवात केली होती. नाइलाजाने झालेल्या या सोयीत विद्यार्थिनींना जे मिळालं ते पुरुषांना त्यांच्या भव्य वॉर्डांत मिळत नव्हतं: वस्तीतला रुग्ण, त्याचं घर, त्याचं पाणी, त्याच्या पोराबाळांची संख्या. पदवीनंतर आनंदीबाई ज्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलमध्ये अनुभव घ्यायला गेल्या ते बॉस्टनमधलं याच परंपरेतलं ठिकाण. परक्या देशातल्या लहान आरोग्यसंस्थेत डॉक्टरांच्या मागे उभं राहून शिकणारी मराठी मुलगी ही काही आजची नवलाई नाही, एकशे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आनंदीबाईंची प्रकृती तिथे टिकली नाही, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक हातात असताना फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, आणि त्या शिक्षणाचं पुढे काय झालं असतं हा प्रश्न तसाच राहिला. रखमाबाईंनी मात्र सुरतेत आणि पुढे राजकोटला अनेक वर्षं काम केलं.

बघण्याची बाजू घेतली म्हणजे हात लावण्याची घेतली असं नाही. इथे माझं मत कडक आहे. परदेशातल्या लहान दवाखान्यात गेलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत मोठा मोह हाच असतो की घरी जे करू देत नाहीत ते इथे करून बघावं: टाके घालावेत, इंजेक्शन द्यावं, बाळंतपणात हात घालावा. गरीब देश आहे, डॉक्टर कमी आहेत, कुणी विचारत नाही, उलट गोऱ्या किंवा परदेशातून आलेल्या पाहुण्याला मान म्हणून पुढे केलं जातं. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेला २०११ मध्ये यासाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: आपल्या देशात ज्याची परवानगी नाही ते दुसऱ्याच्या देशात करू नये. भारतात तर हा शिष्टाचाराचाही प्रश्न नाही, कायद्याचा आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी शिकण्याच्या दृष्टीनेही हात खिशात असलेले बरे. हातात सुई आली की विद्यार्थ्याचं सगळं लक्ष त्या सुईच्या टोकाशी जातं. खोलीत काय चाललंय, रुग्णासोबत आलेली सून का गप्प आहे, डॉक्टरांनी प्रश्न विचारताना नजर कुठे ठेवली, हे त्याला दिसेनासं होतं.

तरी प्रश्न उरतो की यासाठी परदेशात कशाला जायचं? अडीचशे माणसं तर प्रत्येक गल्लीत आहेत. शिकागोतल्या मुलीने शिकागोतल्या दवाखान्यात बसावं, सांगलीतल्याने सांगलीत. हा आक्षेप निम्मा मान्य करायला हवा. ज्याने आपल्या गल्लीतला दवाखाना पाहिला नाही त्याने विमानाचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. पण आपल्या घरातल्या वैद्यकात शास्त्र किती आणि सवय किती, हे घरात बसून कळत नाही. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या सामान्य डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. बांगलादेशात एका रुग्णाला सरासरी ४८ सेकंद मिळत होते, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगातली जवळपास निम्मी लोकसंख्या अशा देशांत राहते जिथे डॉक्टर पाच मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ देतात. स्वीडनमधून आलेल्या विद्यार्थ्याला वाटत असतं की साडेबावीस मिनिटं हा निसर्गनियम आहे. दिल्लीतल्या डिस्पेन्सरीत तीन-चार मिनिटांत निर्णय घेणारा चांगला डॉक्टर बघितला की त्याला दोन गोष्टी एकदम दिसतात: वेळ कमी असूनही काय साधता येतं आणि वेळ कमी असल्यामुळे काय कायमचं निसटतं. उलट दिशेने गेलेल्या भारतीय पदवीधराला अमेरिकेतल्या लहान दवाखान्यात दिसतं की रुग्णासमोर बसलेला डॉक्टर अर्धा वेळ संगणकात नोंदी करतोय, की औषधाआधी विम्याची मंजुरी लागते, आणि रुग्णाला निर्णयात विचारात घेणं ही तिथे रोजची रीत आहे. आपल्याकडे ती चैन समजली जाते. दोघांनाही आपलं घर परक्याच्या नजरेने बघता येऊ लागतं.

भाषेचा आक्षेप याहून अवघड आहे. १९७५ साली ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांचा मागोवा घेतला. त्यांतल्या ६६ जणांचं निदान नुसत्या सांगण्या-ऐकण्यातून झालं होतं. शारीरिक तपासणीने ७ आणि प्रयोगशाळेने ७ जणांच्या बाबतीत फरक पडला. मग ज्याला हिंदी येत नाही तो लक्ष्मीबाई नगरच्या दवाखान्यात बसून ८० पैकी ६६ वेळा बहिराच राहणार, हे उघड आहे. इथले रुग्ण ‘गॅस’ म्हणतात त्यात अपचन असतं, धास्ती असते आणि कधी कधी हृदयविकाराचा झटकाही असतो. डॉक्टर त्यांतलं कोणतं आहे ते पुढच्या दोन प्रश्नांत काढतो आणि ते दोन प्रश्नच ऐकू आले नाहीत तर उरलं काय? यावर पळवाट नाही. भाषा न येणाऱ्याने निदान शिकायला येऊ नये. त्याला दुसरं काही शिकता येईल, आणि तेही कमी नाही: रांग कशी हलते, कार्डावर नोंद कोण करतं, फार्मसीत नसलेलं औषध ‘इंडेंट’ होऊन बाहेरच्या दुकानातून केव्हा येतं, सत्तरीतले पेन्शनर महिन्याच्या गोळ्या घ्यायला आले की खिडकीपाशी किती वेळ उभे राहतात, डॉक्टर कुणाला मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतो आणि कुणाला नाही. डॉक्टरांनी बोलणं कधी तोडलं हेसुद्धा भाषेवाचून मोजता येतं. १९८४च्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात ७४ भेटींपैकी फक्त १७ वेळा रुग्णाला आपलं पहिलं म्हणणं पुरं करता आलं होतं. बाकीच्यांतल्या बहुतेकांना सरासरी अठरा सेकंदांत थांबवलं गेलं. ते अभ्यासक भाषा जाणणारे होते हे खरं, पण अठरा सेकंद मोजायला घड्याळ पुरतं.

दिल्लीतल्या दवाखान्यांत बसून नुसतं बघणाऱ्यांनी आणखी एक मोठी गोष्ट दाखवून दिली आहे आणि ते बघणारे वैद्यकाचे विद्यार्थी नव्हतेच. जिश्नू दास आणि जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या सात वस्त्यांमधल्या डॉक्टरांना आधी काल्पनिक रुग्ण देऊन त्यांचं ज्ञान तपासलं. मग त्यांची माणसं त्याच डॉक्टरांच्या खोलीत बसून राहिली आणि खऱ्या रुग्णाला डॉक्टर काय विचारतो, काय करतो याची नोंद करत राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता: डॉक्टर जेवढं जाणतात त्याच्या बरंच कमी करतात. सरकारी लहान दवाखान्यांत ही दरी अधिक होती. खासगीत मेहनत जास्त दिसली, पण तिच्यासोबत रुग्णाला खूश ठेवणारी अनावश्यक औषधंही आली. डॉक्टरला माहिती कमी आहे म्हणून उपचार वाईट, ही सोयीची समजूत यामुळे ढासळली, आणि जी धोरणं केवळ प्रशिक्षण शिबिरांवर पैसा खर्च करतात त्यांच्यासमोर अडचण उभी राहिली. परीक्षेचे गुण बघून हे कधी कळलं नसतं. कुणीतरी स्टुलावर बसून राहावं लागलं.

यावर कुणी शहाणा माणूस लगेच विचारेल की बघणारा समोर बसला की डॉक्टर नेहमीसारखा वागेल का? नाही वागत. केनेथ लेनर्ड आणि मेल्किओरी मसाटू यांनी टांझानियातल्या अरुशा भागात हे मोजलं. निरीक्षक खोलीत आला की तपासणीचा दर्जा एकदम वर गेला आणि दहा-पंधरा रुग्णांनंतर पुन्हा मूळ पातळीला आला. माणूस किती वेळ ताठ बसून राहील? या आकड्यातून विद्यार्थ्यासाठी फार व्यवहारी सल्ला निघतो. जो सकाळी येऊन फोटो काढून दुपारी ताजमहाल बघायला निघाला त्याने डॉक्टरांचं पाहुण्यांसाठीचं रूप बघितलं. दिल्लीतल्या गर्दीच्या दवाखान्यात दहा-पंधरा रुग्ण तासाभरात होतात, खरा दवाखाना तिथून पुढे सुरू होतो. आणि डेंग्यूचा ‘परवा’ बघायचा असेल तर किमान आठवडा हवा.

सर्वांत गंभीर आक्षेप रुग्णाच्या बाजूने येतो आणि तो विद्यार्थ्याच्या सोयीने सोडवता येत नाही. आपल्याकडे दवाखान्याच्या खोलीत आधीच चार माणसं असतात, पडदा नावाला असतो, पुढचा नंबर दारातून डोकावत असतो. अशा ठिकाणी आणखी एकाने काय बिघडतं, असं म्हणण्याची पद्धत आहे. बिघडतं ते असं की शेजारची बाई ओळखीची असते, रुग्ण तिच्यासमोर काय बोलायचं नाही हे जाणतो. वही घेऊन बसलेला अनोळखी परदेशी काय लिहितोय हे त्याला कळत नाही आणि ‘यांना बाहेर पाठवा’ म्हणायची त्याची हिंमत होत नाही, कारण डॉक्टरांना नाराज करणं परवडत नाही. म्हणून परवानगी विचारायची ती विद्यार्थी बाहेर असताना, आणि विचारावी डॉक्टरांनी नव्हे तर नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने. नाही म्हणणं तिथे सोपं जातं. दिवसाला पाच रुग्णांनी नकार दिला तर ती व्यवस्था चालू आहे असं समजावं. एकानेही दिला नाही तर शंका घ्यावी.

परदेशी विद्यार्थ्यांनी मोठ्या रुग्णालयाबाहेर बघून शिकणं महाराष्ट्रात एका ठिकाणी फार वर्षांपासून घडतंय. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७०मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं आणि प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८च्या अल्माआटा परिषदेच्या विचारांना आकार देणाऱ्या प्रयोगांत त्याचं नाव घेतलं जातं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे जगभरातून विद्यार्थी येतात. त्यांना शिकवायला डॉक्टर आहेतच, पण गावातल्या आरोग्यसेविकाही शिकवतात. ज्या बाईने कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही ती परदेशी विद्यापीठातून आलेल्या मुलाला बाळाचं वजन का घटतं हे घराच्या ओसरीवर बसून समजावते. मग विद्यार्थी कुणाच्या मागे उभा आहे, हा प्रश्नच वेगळा होतो. हजारातले उरलेले साडेसातशे, ज्यांतले बरेच डॉक्टरच्या दारात कधी येतच नाहीत, ते त्या ओसरीवर भेटतात. लक्ष्मीबाई नगरपासून एम्सकडे बघणाऱ्याला या उतरंडीचं टोक दिसतं, जामखेडला तिचा पाया. एम्सलाही हे माहीत आहे: १९६५ पासून हरयाणातल्या बल्लभगढला त्यांचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालतो आणि त्यांचे स्वतःचे विद्यार्थी तिथे राहून शिकतात. परदेशी पाहुण्यांच्या यादीत मात्र बल्लभगढ क्वचितच वर असतं.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. अमेरिकेत निवासी डॉक्टर म्हणून जागा मिळवू पाहणाऱ्या भारतीय पदवीधरांना तिथला अनुभव दाखवावा लागतो. मोठी विद्यापीठ रुग्णालयं सगळ्यांना घेत नाहीत, म्हणून खासगी लहान दवाखान्यांत ‘ऑब्झर्व्हरशिप’ घ्यावी लागते. त्यासाठी अनेक ठिकाणी महिन्याला घसघशीत फी मोजावी लागते, मधल्या दलालांचा हिस्सा वेगळा. उलट दिशेने दिल्लीत आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला चहा मिळतो. ही विषमता चीड आणणारी आहे, पण बघण्याचे पैसे घेणं मुळात अनैतिक आहे असं म्हणता येत नाही. रॉयल फ्रीने १८७७ मध्ये मुलींना आत घेतलं तेसुद्धा फुकट नव्हतं. देणगीदार रुसतील या भीतीपोटी शाळेला रुग्णालयाकडे दरसाल ठरावीक रक्कम भरण्याची हमी द्यावी लागली होती. विद्यार्थी बसतो तेव्हा डॉक्टर हळू चालतो, समजावून सांगतो, रांग लांबते आणि ती किंमत रांगेतला शेवटचा माणूस देतो. तेव्हा फी घ्यावी, पण ती डॉक्टरांच्या किंवा दलालाच्या खिशात न जाता दवाखान्यात उतरावी: फार्मसीत संपलेली औषधं, एक जास्तीची परिचारिका, रांगेसाठी सावलीतली बाकं. आणि नोंदणीच्या खिडकीवर, ‘आज एक विद्यार्थी डॉक्टरांसोबत बसला आहे, तो नको असेल तर सांगा’ असं हिंदीत लिहिलेली पाटी लावायला फीचीही गरज नाही.